आरोग्यविचार : लपलेल्या गांठीचा शोध

घरांतील वडील स्त्रीचा चेहरा घाम न येतां एकाएकीं लाल होऊं लागला, तर आपण तो वयाचा धर्म मानतों. महिनोनमहिने जुलाब होत राहिले, तर पचनास दोष देतों. बहुधा तें खरेंही असतें. परंतु क्वचित् या दोहोंच्या मुळाशीं एकच लपलेली गांठ असते, आणि ती ओळखूं येईपर्यंत कित्येकदां वर्षें निघून जातात. म्हणून तिच्या शोधाविषयीं चार शब्द लिहिणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

हिला न्यूरोएण्डोक्राइन गांठ म्हणतात. ती बहुधा आंतडीं, स्वादुपिंड किंवा फुप्फुसें यांतील संप्रेरकें स्रवणाऱ्या पेशींपासून उद्भवते. १९०७ सालीं ओबर्नडॉर्फर या जर्मन वैद्यकशास्त्रज्ञानें आंतड्यांतील अशा गांठींस ‘कर्करोगासारख्या’ या अर्थाचें नांव दिलें. त्या यकृतापर्यंत पसरूं शकतात, हें पुढें कळून आलें. अभिनेते इरफान खान यांनीं २०१८ सालीं जाहीर केलेला विकार तो हाच.

अशा बहुतेक गांठींच्या पेशींवर सोमॅटोस्टॅटिन या संप्रेरकाचीं ग्राहकस्थानें विपुल असतात. तीं कुलपें समजा. त्यांस बसणारी डोटाटेट नांवाची किल्ली गॅलियम-६८ या किरणोत्सर्गी द्रव्यास जोडून शिरेंतून देतात. सुमारें तासाभरानें पेट-सीटी यंत्रांत चित्र घेतात. जेथें किल्ली अडकली तेथें ठिपका उजळतो. नुसत्या सीटीस न दिसणाऱ्या लहान गांठीही यानें पुष्कळदां सांपडतात. प्लीहा व मूत्रपिंडें मात्र निरोगी असतांही उजळतात. म्हणून चित्र तज्ज्ञानेंच वाचावें, व गांठीचा तुकडा तपासून निर्णय करावा. पुढें याच किल्लीस ल्युटेशियम-१७७ जोडून उपचारही करतां येतो. तें द्रव्य आपल्या ट्रॉम्बे येथील अणुभट्टींत तयार होतें.

‘किरणोत्सर्गी’ हा शब्द ऐकून घर भ्यावें, असें येथें कांहीं नाहीं. गॅलियमचें तेज दर ६८ मिनिटांनीं निम्में होतें. १२ तासांनीं त्याचा हजारावा अंशही उरत नाहीं. त्या दिवशीं डॉक्टर सांगतील तितके तास तान्हीं मुलें व गर्भवती स्त्रिया यांनीं रोग्यास फार बिलगूं नये, इतकेंच. त्यापुढेंही त्याचें ताट निराळें मांडणें हें सोंवळें नव्हे, अज्ञान होय.

मोठ्या घरांत औषधें सर्वांचीं होतात. मागें राहतें तें बहुधा घर चालविणाऱ्या बाईचें दुखणें. ती स्वतः सांगणार नाहीं. तेव्हां तिला विचारण्याचें काम घरांतील कर्त्या माणसांनींच केलें पाहिजे.