रुमाल टाकलेली जागा

सर्व्हररूमच्या दारातून : यंत्रस्थ

‘८ व्हीसीपीयू, ३२ जीबी रॅम, ५०० जीबी एसएसडी.’ हिंजवडीतल्या स्टार्टअपचे असो की सदाशिव पेठेतल्या सीएंचे, कोटेशनमध्ये अशी एक ओळ असतेच. रॅमवर घासाघीस होते, डिस्कवर होते, दर जीएसटी धरून की सोडून यावर तर हमखास होते. त्या आठावर मात्र कोणी बोट ठेवत नाही.

हा आठ नेमका कशाचा? लिनक्सवर केव्हीएम वापरून आभासी मशीन चालवले, की त्याचा प्रत्येक आभासी प्रोसेसर, म्हणजेच व्हीसीपीयू, यजमान संगणकावर एक साधा थ्रेड म्हणून उभा राहतो. ‘टॉप’ चालवून थ्रेड दाखवायला सांगा; ‘सीपीयू ०/केव्हीएम’, ‘सीपीयू १/केव्हीएम’ अशी नावे दिसतील. आतल्या विंडोजला वाटते, आपल्याकडे आठ प्रोसेसर आहेत. बाहेरच्या लिनक्सच्या लेखी ते आठ थ्रेड असतात, बॅकअपच्या किंवा डेटाबेसच्या थ्रेडच्या पंक्तीतले. शेड्युलर त्यांना आता या कोअरवर, मग त्या कोअरवर बसवतो आणि वेळ संपली की उठवतो. व्हर्च्युअलबॉक्स, व्हीएमवेअर, हायपर-व्ही यांची अंतर्गत रचना वेगवेगळी. रांगेत उभे राहणे सगळ्यांच्याच नशिबी.

रांग किती लांब, हे कोटेशनमध्ये नसते. खासगी क्लाउड उभारायच्या ओपनस्टॅक या सॉफ्टवेअरमध्ये, तुम्ही काही बदलले नाही तर, वर्षानुवर्षे एका सीपीयूमागे सोळा आभासी प्रोसेसर वाटले जात. यात लबाडी नाही. बहुतेक आभासी मशीन दिवसभर पेंगत असतात, त्यामुळे हिशेब जमतो. पण जीएसटीआर-३बी भरायची २० तारीख उजाडली, की शहरातले सगळे हिशेबनीस आणि त्यांचे सगळे सर्व्हर एकाच सकाळी खडबडून जागे होतात, आणि मग तो जमत नाही.

अशा वेळी आतून पाहणाऱ्याला काय दिसते? लिनक्स असेल तर ‘टॉप’च्या वरच्या ओळीत ‘एसटी’ नावाचा आकडा असतो: मला पळायचे होते, पण यजमानाने तेवढा वेळ दुसऱ्याला दिला. हा आकडा बराच वेळ दोन आकडी राहिला, तर प्रोग्रामरला धारेवर धरण्याआधी सर्व्हर देणाऱ्याला फोन करावा. व्हीएमवेअरवर हाच प्रकार ‘सीपीयू रेडी’ या नावाने दिसतो, पण तो यजमानाकडच्या तक्त्यात. भाडेकरूला तो तक्ता सहसा पाहायला मिळत नाही.

दुसरा घोळ थ्रेड आणि कोअर यांचा. इंटेलने २००२मध्ये हायपर-थ्रेडिंग आणले. एक कोअर स्वतःला दोन म्हणवू लागला. त्या दुसऱ्या थ्रेडने काम दुप्पट होत नाही. इंटेलचा स्वतःचा तेव्हाचा दावाही ३० टक्क्यांपर्यंतच्या वाढीचा होता. मोठ्या क्लाउडवर इंटेल चिपच्या मशीनमध्ये एक व्हीसीपीयू म्हणजे बहुतेक वेळा असा एक थ्रेड. म्हणजे आठ व्हीसीपीयू हे चार कोअर झाले. अ‍ॅमेझॉनच्या स्वतःच्या ग्रॅव्हिटॉन चिपवर मात्र एक व्हीसीपीयू म्हणजे अख्खा कोअर. शब्द तोच, माल वेगळा. दोघांच्या किमती शेजारी मांडून ‘कोण स्वस्त’ ठरवणारे तक्ते मी पाहतो तेव्हा हसू आवरत नाही.

कोणते काम नेमके कोणत्या प्रोसेसरवर बसणार, हा प्रश्न पुण्याला नवा नाही. महासंगणक बांधणाऱ्या सी-डॅक या संस्थेची स्थापना इथे १९८८मध्ये झाली. १९९१मध्ये तिचा परम ८००० हा महासंगणक तयार झाला. ट्रान्सप्युटर नावाच्या चिप एकमेकींना जोडून तो बांधला होता. प्रत्येक चिपला चार दुवे आणि चिपच्या पोटातच एक छोटा शेड्युलर. त्या चिपसाठीच घडवलेल्या ऑकॅम या भाषेत प्रोग्राम लिहिल्यावर कोणती प्रक्रिया कोणत्या ट्रान्सप्युटरवर आणि कोणता संदेश कोणत्या दुव्यावरून, हे वेगळे लिहून द्यावे लागे. काम कुठे बसणार, हा प्रोग्रामरचाच प्रश्न होता. पुढे ऑपरेटिंग सिस्टिमने तो आपल्याकडे घेतला आणि आपण तो विसरलो. मायक्रोसॉफ्टने २०१५मध्ये पुण्यात अ‍ॅझ्युअरचा ‘सेंट्रल इंडिया’ विभाग सुरू केला, तोवर विसरणे पूर्ण झाले होते.

पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत मात्र तो प्रश्न विसरून चालत नाही. तिथे जानेवारी २०१८मध्ये ४ पेटाफ्लॉपचा ‘प्रत्युष’ आणि सप्टेंबर २०२४मध्ये ११.७७ पेटाफ्लॉपचा ‘अर्क’ हे महासंगणक आले. हवामानाचे प्रारूप पृथ्वीचे चौकोन पाडून ते हजारो कोअरना वाटते, आणि गणिताच्या प्रत्येक पावलाला शेजारच्या चौकोनांशी सीमेवरचे आकडे बदलून घेते. एक कोअर रेंगाळला तर बाकीचे सगळे हात बांधून बसतात. म्हणून अशा यंत्रांवर प्रक्रिया कोअरला बांधून ठेवायचा रिवाज आहे, आणि तिथे तो शंभर टक्के बरोबर आहे.

घरचा सर्व्हर बाळगणाऱ्यांना हे कुठूनतरी कळते आणि तेही बांधायला निघतात. आभासी मशीन सांभाळणाऱ्या लिबव्हर्टमध्ये ‘व्हीसीपीयूपिन’ ही सोय आहे: अमुक आभासी प्रोसेसर तमुक सीपीयूवरच. मंडळी ती वापरतात आणि निश्चिंत होतात. हे स्वारगेटला एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकण्यासारखे आहे. रुमालाने तुम्ही त्या जागेशी बांधले जाता. जागा तुमच्याशी बांधली जात नाही. दुसरा कोणी रुमाल बाजूला सारून बसला, तर तुम्ही मागची रिकामी सीट सोडून त्याच्याच डोक्यावर उभे राहता. शेड्युलरने तुम्हाला सहज दुसरीकडे हलवले असते. ती मुभा तुम्हीच काढून घेतलीत. आरक्षण हवे असेल, तर यजमानाची बाकीची कामे त्या कोअरवरून हटवावी लागतात, आणि मग ते कोअर एरवी मोकळे असले तरी इतरांना मिळत नाहीत. हा खर्च आवाजाच्या थेट प्रक्रियेला, टेलिकॉमच्या पॅकेटना किंवा वेळेशी बांधलेल्या यंत्रनियंत्रणाला परवडतो. पगारपत्रकाला कशासाठी?

बांधायचेच असेल, तर आधी नकाशा पाहा. आठ कोअरच्या बऱ्याच मशीनवर लिनक्स सीपीयू ० आणि सीपीयू ८ यांना एकाच कोअरची जुळी भावंडे मानतो. काहींवर ० आणि १ ही जुळी असतात. अंदाजाने बांधलेत, तर दोन कामसू थ्रेड एकाच कोअरवर कोंबले जातील आणि शेजारचा कोअर माशा मारत बसेल. ‘एलएससीपीयू’ हा नकाशा क्षणात दाखवतो. दोन सॉकेटचा सर्व्हर असेल, तर मेमरी कोणत्या सॉकेटच्या बाजूला आहे तेही पाहा. एकीकडे थ्रेड आणि पलीकडे त्याची मेमरी, हा संसार सुखाचा होत नाही.

आणि सर्वांत जास्त विसरला जातो तो एम्युलेटरचा थ्रेड. आभासी मशीनमध्ये आठ आभासी प्रोसेसरच असतात असे नाही; डिस्कची, नेटवर्कची, पडद्याची कामे करणारे आणखी थ्रेड त्यांच्यासोबत असतात. आठांना नीट बांधून यांना मोकळे सोडले, तर ते नेमके त्या आठांच्याच जागेत येऊन टेकतात. त्यांच्यासाठी ‘एम्युलेटरपिन’ ही वेगळी सोय आहे.

‘मग जास्तच देऊन टाकू’ हा आणखी एक मार्ग फार लोकप्रिय आणि बहुधा चुकीचा. चार प्रोसेसरच्या मशीनमध्ये एका थ्रेडने कुलूप घेतले आणि त्याच क्षणी यजमानाने त्याला उठवले, तर बाकीचे तिघे ते कुलूप उघडायची वाट पाहत जागच्या जागी गरगरत राहतात. आजचे प्रोसेसर हे गरगरणे ओळखून यजमानाला कळवतात, त्यामुळे त्रास कमी झाला आहे, संपलेला नाही. बारा थ्रेडच्या यजमानावर बारा-बारा प्रोसेसरची तीन मशीन चालवणाऱ्याने प्रत्येकाला चार देऊन पाहावे. वेग वाढला तर नवल वाटू नये.

एक प्रकार तर शेड्युलरपर्यंतही पोहोचत नाही. लिबव्हर्टमध्ये रचना सांगितली नाही, तर आठ आभासी प्रोसेसर आतल्या सिस्टिमला आठ वेगवेगळे सॉकेट म्हणून दिसतात. सर्व्हर आवृत्तीला त्याचे काही वाटत नाही. पण विंडोज १० प्रो दोनच सॉकेट ओळखते. पैसे आठांचे, टास्क मॅनेजरमध्ये दोन, आणि सॉफ्टवेअर रखडतेय म्हणून तक्रार. उपाय म्हणजे रचनेत एक सॉकेट, आठ कोअर अशी एक ओळ. तोवर सर्व्हर देणाऱ्याने ‘साहेब, सोळा घ्या’ असे नवे कोटेशन पाठवलेले असते.