व्यायामशिक्षकाची सनद

जून उजाडला की खानदेशातील शिक्षणसंस्थांच्या दफ्तरांत प्रवेशअर्जांची रीघ लागते, आणि शरीरशिक्षणातच उपजीविका करू इच्छिणारे तरुण आपापल्या गुरुजनांना हटकून विचारतात की, यासाठी कोणती सनद मिळवावी. हा प्रश्न नावांची यादी देऊन मिटण्यासारखा नाही. म्हणून त्याचा थोडा विस्ताराने विचार करणे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

या विचारास आरंभ करावयाचा तर तो अमळनेरच्या स्मरणाने करणे उचित होय. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच पुढे स्वामी कुवलयानंद या नावाने विख्यात झालेले योगसंशोधक, यांनी प्रथम बडोद्यास प्रा. माणिकरावांच्या हाताखाली देशी व्यायामाची तालीम घेतली, नंतर अमळनेरच्या राष्ट्रीय महाविद्यालयात अध्यापन करून १९२० साली तेथील प्राचार्यपद सांभाळले, मालसरच्या माधवदासजी महाराजांपासून योगविद्या संपादन केली, आणि त्यानंतरच १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून उड्डियान व नौली या योगक्रियांच्या समयी उदरातील दाब कसा बदलतो हे यंत्रांनी मोजून पाहिले. आधी स्वतःचे शरीर घडविणे, मग शिष्यांपुढे उभे राहणे, आणि शेवटी आपल्याच विद्येची परीक्षा घेणे, हा त्यांचा क्रम आजच्या उमेदवारालाही मार्गदर्शक आहे.

खानदेशी तरुणाला या शिक्षणासाठी एके काळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची, अथवा १९३८ साली निघालेल्या कांदिवलीच्या महाविद्यालयाची वाट धरावी लागे. आता तशी सोय घराजवळ झाली आहे, आणि मार्गही अनेक झाले आहेत. शाळेत शिकवावयाचे असेल तर बी.पी.एड.; ही पदवी राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनुसार दोन वर्षांची झाली. महाविद्यालयात जावयाचे तर एम.पी.एड. आणि नेट अथवा सेट. एखाद्या खेळाचे प्रशिक्षक व्हावयाचे तर १९६१ साली सुरू झालेल्या पतियाळाच्या संस्थेची पदविका. योगवर्गासाठी आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाच्या श्रेणीवार परीक्षा. आणि जिममध्ये फिटनेस ट्रेनर म्हणून काम करावयाचे तर कौशल्य विकास यंत्रणेचे प्रमाणपत्र. यांतील एक सनद दुसरीच्या जागी चालत नाही. म्हणून आपण कोणाला शिकविणार, हे आधी ठरवावे आणि अर्ज मागाहून भरावा.

परंतु सनद कोणतीही असो, तिचा कस लागतो तो मैदानावर. जळगाव-धुळ्याच्या मैदानांवर पहाटे पोलीस भरतीची तयारी करणारे मुलगे सोळाशे मीटर आणि मुली आठशे मीटर धावताना आपण पाहतो. घरची शेती कोरडवाहू, भरतीचे वय उलटत चाललेले, अशा अवस्थेत ही मुले प्रशिक्षकाच्या शब्दाखातर शरीर पणास लावतात. येथील वैशाखात पारा चव्वेचाळीस अंशांपर्यंत चढतो. शरीराला उष्णतेची सवय होण्यास एक-दोन आठवडे लागतात, आणि धावता धावता जो असंबद्ध बोलू लागला त्याला दवाखान्यात नेण्याची तजवीज होईपर्यंत जागच्या जागी पाण्याने थंड करावयाचे असते, हे ज्याला ठाऊक नाही त्याच्या शिटीवर कोणी धावू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हे ज्ञान पुस्तकात असते. पण ते प्रसंगी हाताशी येण्यासाठी जाणत्याच्या देखरेखीखाली वारंवार शिकवावे लागते. सराव पाठांची आणि आंतरवासितेची योजना त्याचसाठी आहे. टाचण काढावे, चाळीस मुलांना रांगेत उभे करावे, कोणाचा गुडघा आत वळतो, कोण श्वास कोंडतो, कोण उपाशी आला आहे हे ओळखावे, आणि पाठ संपल्यावर अनुभवी शिक्षकाने आपल्या चुका तोंडावर सांगितलेल्या ऐकाव्यात, यातच शिक्षक घडतो. दोन दिवसांच्या शिबिराने, किंवा न घेतलेल्या पाठांच्या भरलेल्या वहीने, कागद हाती येतो. अधिकार येत नाही.

म्हणून आमची विनंती नवागतांपेक्षा आमच्या वाचकांना, म्हणजे आज मैदानावर उभ्या असलेल्या शिक्षकांना आणि वस्तादांना आहे. यंदा एक तरी प्रशिक्षणार्थी आपल्या हाताखाली घ्या, त्याला आपला वर्ग सोपवून स्वतः बाजूला उभे राहा, त्याच्या वहीत जे दिसले तेच लिहा. आणि जो पाठ आपण डोळ्यांनी पाहिला नाही, त्याच्याखाली सही करू नका.