थंडीतली सहल : न्यावे की ठेवावे?



डिसेंबरचा अखेरचा आठवडा आला की माझ्या दवाखान्यात आजारी माणसांबरोबर प्रवासाला निघालेली माणसेही येऊ लागतात. नातवंडांच्या शाळेला नाताळची सुटी असते, महिनाभर आधी तिकिटे काढलेली असतात, आणि नेमक्या त्याच आठवड्यात परभणीचा पारा घसरतो. मग प्रश्न येतो, ‘‘डॉक्टरसाहेब, आजोबांना न्यावं का घरी ठेवावं?’’

गेल्या हिवाळ्यात असेच एक कुटुंब आले होते. रात्रीची देवगिरी एक्स्प्रेस, पहाटे कल्याण, तेथून गाडीने खोपोलीजवळचे इमॅजिका, असा बेत होता. एक दिवस थीम पार्क, दुसरा दिवस शेजारचा वॉटर पार्क. आप्पांचे वय शहात्तर. रक्तदाब आणि मधुमेह दोन्ही आहेत, गोळ्या नियमित आहेत. मुलगा काळजीत, सून संकोचलेली. आप्पा म्हणाले, ‘‘लेकरं जाऊ द्या. मी घर राखतो. पाळण्यात बसायचं माझं वय आहे का?’’

उत्तर देण्यापूर्वी मी क्षणभर थांबलो. त्या थांबण्यामागे माझी एक जुनी चूक आहे. ती पुढे सांगतो.

प्रथम थंडीविषयी. परभणीची थंडी ही केवळ बोलण्याची गोष्ट नाही. २९ डिसेंबर २०१८ रोजी येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात २ अंश सेल्सिअस किमान तापमानाची नोंद झाली. सपाट प्रदेशात पारा ४ अंशांवर किंवा त्याखाली गेला तर हवामान खाते थंडीची लाट मानते. २ अंश म्हणजे तीव्र लाट. आपण समुद्रापासून दूर आहोत, हवा कोरडी, आकाश निरभ्र. त्यामुळे दिवसभर तापलेली जमीन रात्री भराभर निवते. दुपारी अंगातला स्वेटर काढावासा वाटतो आणि पहाटे दोन गोधड्या पुरत नाहीत, ते यामुळेच.

या थंडीत वृद्ध शरीराचे काय होते? उष्णता राखण्यासाठी त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आकसतात. त्यामुळे रक्तदाब वाढतो आणि हृदयाला अधिक जोर लावावा लागतो. तहान लागत नाही, लघवी मात्र जास्त होते, आणि शरीरातील पाणी कमी होते. कोरड्या गार हवेने दम्याच्या रुग्णाच्या श्वासनलिका आवळतात. शिवाय उतारवयात स्नायू आणि कातडीखालची चरबी कमी झालेली असते, कुडकुडण्याची ताकद घटते, आणि थंडी वाजते आहे ही जाणीवही बोथट होते. म्हणूनच ‘‘मला नाही वाजत थंडी’’ या आजोबांच्या शब्दावर विसंबू नये. त्यांच्या पोटाला हात लावून पाहावे. पोट गार लागत असेल, बोलणे अडखळत असेल, अवेळी गुंगी येत असेल, तर शरीराचे तापमान ३५ अंशांच्या खाली गेल्याची शंका घ्यावी आणि विलंब न करता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. कुडकुडणारा माणूस अचानक शांत झाला, तर ते सुधारण्याचे लक्षण समजू नये.

एवढे वाचून आपण म्हणाल, मग सहल रद्दच करावी. येथेच माझ्या चुकीची गोष्ट येते.

बऱ्याच वर्षांपूर्वी अशाच एका थंडीत एका मुलाने मला हाच प्रश्न आपल्या आईविषयी विचारला होता. दवाखान्यात गर्दी होती. मी मान वरही न करता म्हणालो, ‘‘थंडी फार आहे, नेऊ नका.’’ सल्ला पुस्तकाप्रमाणे बरोबर होता. कुटुंब गेले, बाई घरी एकट्या राहिल्या. रात्री थंडी सोसवेना म्हणून त्यांनी दारे-खिडक्या लावून खोलीत कोळशाची शेगडी पेटवली. सकाळी दार उघडेना, तेव्हा दूधवाल्याने शेजाऱ्यांना हाक मारली. त्या वाचल्या, पण कित्येक दिवस रुग्णालयात होत्या, आणि पूर्वीसारख्या चालत्या-बोलत्या पुन्हा झाल्या नाहीत. बंद खोलीत कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड हा वायू साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस झोपेतच बेशुद्ध होतो. मी त्यांना प्रवासाच्या थंडीपासून वाचवले आणि घरातल्या थंडीत एकटे सोडले. ‘मागे कोण थांबणार?’ हा एक प्रश्न मी विचारला नव्हता.

तेव्हापासून मी ‘न्या’ किंवा ‘नेऊ नका’ असे एका शब्दात सांगत नाही. निर्णय आपणच घ्यावा. पण त्याआधी पुढील प्रश्न घरात बसून, आजी-आजोबांना समोर बसवून, विचारावेत.

पहिला प्रश्न प्रकृतीचा. गेल्या काही महिन्यांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मोठी शस्त्रक्रिया झाली आहे काय? छातीत दुखते काय, पायांवर सूज आहे काय, जिना चढताना पूर्वीपेक्षा जास्त धाप लागते काय? सध्या ताप किंवा कफ आहे काय? यांपैकी एकाचेही उत्तर ‘हो’ असेल, तर आपल्या डॉक्टरांनी तपासल्याशिवाय निघू नये.

दुसरा प्रश्न ठिकाणाचा. आपण परभणीचे तापमान पाहून घाबरतो, पण जायचे आहे खोपोलीला. ते घाटाच्या पायथ्याशी, कोकणाच्या बाजूला आहे. समुद्र जवळ असल्याने तेथील पहाट साधारणपणे आपल्यापेक्षा उबदार असते. म्हणून दोन्ही गावांचा अंदाज पाहावा. खरा धोका बहुधा प्रवासात असतो : रात्री फलाटावर गाडीची वाट पाहणे, खिडकीच्या फटीतून येणारा वारा, पहाटे झोपेतून उठून उतरणे. आणि परतताना पुन्हा आपल्याच थंडीत उतरायचे असते, याचाही विसर पडू नये.

तिसरा प्रश्न पाण्याचा. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने शरीरातील उष्णता ओढून घेते, आणि ओले कपडे वाऱ्यात तेच काम पुढे चालू ठेवतात. थंडीच्या लाटेत वृद्धांनी वॉटर पार्कच्या पाण्यात उतरू नये. येथे मी ‘बघा, जमले तर’ असे म्हणत नाही. उंच झोके आणि वेगवान पाळणे हृदयरोग, मानेचे दुखणे किंवा ठिसूळ हाडे असलेल्यांसाठी नाहीत, मग ऋतू कोणताही असो.

चौथा प्रश्न मागे थांबणाऱ्याचा. आजोबा घरी राहणार असतील तर रात्री सोबत कोण? जेवण गरम कोण देणार? सकाळ-संध्याकाळ फोन कोण करणार? या प्रश्नांना नावानिशी उत्तर नसेल, तर ‘घरी ठेवले’ हा निर्णय अर्धाच झाला असे समजावे.

सोबत न्यायचे ठरले, तर एका जाड स्वेटरपेक्षा पातळ कपड्यांचे दोन-तीन थर घालावेत. दुपारी एकेक काढता येतात. कानटोपी, पायमोजे आणि कपड्यांचा एक कोरडा जोड हाताशी असावा. औषधे दोन दिवस जास्तीची घ्यावीत आणि ती सामानाच्या बॅगेत न ठेवता जवळ बाळगावीत. प्रवासात स्वच्छतागृहाची अडचण नको म्हणून अनेक आजी पाणी पिणे थांबवतात आणि लघवीची गोळी परस्पर टाळतात. कृपया असे करू नये. गोळीची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. उद्यानात ऊन चढल्यावर जावे, सावलीपेक्षा उन्हातला बाक निवडावा, आणि सूर्य मावळण्याआधी निघावे.

घरी ठेवायचे ठरले, तर बंद खोलीत शेगडी नको. मधुमेहींच्या पायांना गरम पाण्याची पिशवी थेट लावू नये. बधिर पायाला भाजलेले कळत नाही. पहाटेचे फिरणे ऊन पडेपर्यंत पुढे ढकलावे. आणि पुढच्या वर्षीसाठी एक सूचना : फ्लूच्या लसीचा परिणाम दिसायला सुमारे दोन आठवडे लागतात, तेव्हा ती हिवाळ्याआधीच घ्यावी.

आता आप्पांचे सांगतो. तपासले, रक्तदाब आटोक्यात होता, छाती स्वच्छ होती. मग मी त्यांना विचारले, ‘‘तुमच्या मनात काय आहे?’’ ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘‘जावंसं वाटतं. पण माझ्यापायी लेकरांची मजा जाऊ नये.’’ मुलाने वडिलांचा हात हातात घेतला. वॉटर पार्कचा दिवस रद्द झाला, आप्पांचे तिकीट कायम राहिले.

परतल्यावर ते थोडा खोकला आणि पुष्कळ गप्पा घेऊन आले. एकाही पाळण्यात ते बसले नव्हते. उन्हातल्या बाकावर नातवंडांच्या पिशव्या सांभाळत ते दिवसभर बसले होते. पण प्रत्येक पाळण्यावरून उतरलेली पोरे धावत आधी आप्पांकडे यायची, म्हणाले.

त्याच आठवड्यात दम्याने बेजार झालेल्या एका आजींना मी थांबवले. त्यांची धाकटी बहीण मानवतहून सोबतीला येऊन राहिल्याचे कळल्यावरच त्यांच्या मुलाला ‘निघा’ म्हणालो. दोन्ही घरांत निर्णय वेगळा झाला, आणि दोन्ही बरोबर होते.

थंडी येईल तशी जाईल. आपल्या घरातील वृद्ध माणसाला ‘तुम्हाला काय वाटते?’ असे आज विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत थांबावे.