वसईच्या वाडीतील घर

विरार स्थानकावर उतरून आगाशीच्या श्री मुनिसुव्रत स्वामींच्या तीर्थास जाणाऱ्या वाचकांनी वाटेतील केळीच्या बागा, पानवेलींचे मळे आणि मधूनच एखाद्या वळणावर उभा असलेला क्रूस पाहिलाच असेल. दर्शनाच्या ओढीत त्या बागांमागील घरांकडे सहसा लक्ष जात नाही. ही घरे बहुतांशी कॅथोलिक ख्रिस्ती शेतकऱ्यांची आहेत. निरनिराळ्या समाजांची गृहव्यवस्था समजून घेण्याच्या आपल्या या सदरात या वेळी त्यांच्या अंगणात थोडे थांबावे, असा विचार आहे.

वसईवर इ. स. १५३४ ते १७३९ या काळात पोर्तुगिजांचा अंमल होता. त्या काळात येथील अनेक शेतकरी कुटुंबे ख्रिस्ती झाली. त्यांपैकी एका वर्गास सामवेदी अथवा कुपारी म्हणतात, दुसऱ्यास वाडवळ. धर्म बदलला, परंतु जमीन तीच राहिली आणि भाषाही तीच राहिली. घरात सामवेदी किंवा वाडवळी बोली, आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर चर्चमधील मिस्साही मराठीतच. उस्मानाबाद येथे २०२० साली भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे याच मातीतले. या लोकांच्या ताटात मासळी व मांस असते. तेथे त्यांची वाट आणि आपली वाट निराळी आहे, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे. मात्र ताटाबाहेरचा जो संसार आहे, त्याची रीत मोठी विचार करण्याजोगी आहे.

वाडीतील घर आणि वाडी ही दोन वेगळी ठिकाणे नव्हेत. ओटीवरून उतरले की पाय पाटाच्या कडेवर पडतो. स्वयंपाकघराच्या मागील दारी भांडी घासलेले पाणी केळीच्या आळ्यात जाते, न्हाणीचे पाणी अळवाच्या खाचरात. नारळाची झावळी गळली की तिचे हीर काढून खराटा होतो आणि उरलेला भाग चुलीत जातो. करवंटी जळणाला, चुलीतील राख भांड्यांना व पुन्हा भाजीच्या वाफ्याला. केळीच्या एका झाडाचे तर किती उपयोग सांगावेत! घड विकायचा, केळफुलाची भाजी, पानावर जेवण, वाळलेल्या सोपटाच्या दोऱ्यांनी पालेभाजीच्या जुड्या आणि फुलांच्या पुड्या बांधायच्या, आणि घड उतरल्यावर खांबाचे तुकडे करून पुढच्या पिलाच्या मुळाशी टाकायचे. झाडाचे जे काही वाडीतून बाहेर जाते, ते केवळ घड आणि त्या बांधायच्या दोऱ्या. बाकी सारे तेथल्या तेथे फिरत राहते.

या हिशेबाचे सर्वांत गोड फळ म्हणजे सुकेळी. राजेळी जातीची केळी पिकली की ती दूर बाजारात जाईपर्यंत टिकत नाहीत. म्हणून ती सोलून मांडवावर उन्हात वाळवायची, रात्री दव लागू नये म्हणून झाकायची, सकाळी पुन्हा उघडायची, असे काही दिवस चालते. मधासारखा रंग आला की वाळलेल्या केळीच्याच पानात त्यांची पुडी बांधायची. साखर नाही, तेल नाही, कागद नाही. लागते ते ऊन, आणि घरातील स्त्रीचे लक्ष. ढग आले तर तिला हातातले काम टाकून मांडवाकडे धावावे लागते. मुंबईच्या दुकानात सुकेळीची किंमत ऐकून ग्राहक नाक मुरडतो, तेव्हा त्याला ही धावपळ दिसत नसते.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे मांडणे भाग आहे. काटकसरीच्या संसाराची स्तुती करताना आपण बहुधा वस्तूंची बचत मोजतो, श्रमांची मोजत नाही. वाडीतील या साऱ्या चक्राला फिरवणारे हात मुख्यतः बायकांचे होते. पहाटे उठून फुले खुडायची, भाजीच्या जुड्या बांधायच्या, डोक्यावर टोपली घेऊन विरारची गाडी गाठायची, दादरच्या बाजारात विकायचे, आणि परत येऊन चूल पेटवायची, हा क्रम वसईतील असंख्य स्त्रियांनी वर्षानुवर्षे पाळला. मुंबईच्या कित्येक घरांतील गणपतीवर वाहिलेली जास्वंद एखाद्या ख्रिस्ती शेतकरणीने पहाटेच्या अंधारात खुडलेली असते, हे किती जणांच्या ध्यानी येत असेल? त्या टोपलीतून आलेल्या पैशाला पाय फुटू नयेत म्हणून समाजाने सोयही केली. सावकाराच्या दारी जावे लागू नये, या हेतूने उभी राहिलेली बॅसीन कॅथोलिक सहकारी बँक १९१८ सालची आहे. फुलांच्या पुडीपासून बँकेपर्यंतचा हा प्रवास काटकसरीनेच घडविला.

मग यात धर्माचा भाग कोणता? असे वाचक विचारतील. दिवसाच्या पातळीवर पाहिले तर तो फार साधा आहे. चर्चची घंटा सकाळी, दुपारी आणि सायंकाळी वाजते. घड्याळ घरोघरी नव्हते तेव्हा शेतातील माणूस तिच्यावरूनच वेळ जाणत असे आणि क्षणभर हात थांबवून प्रार्थना म्हणत असे. रात्री जेवणापूर्वी सारे घर एकत्र बसून रोझरीची माळ ओढते. लहान मुले पेंगतात, आजीचा आवाज सर्वांत मोठा असतो. जेवणाआधी अन्नासाठी देवाचे आभार मानण्याची रीत आहे. पोप फ्रान्सिस यांनी पर्यावरणावरील ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक २०१५ साली प्रसिद्ध केले, त्यातही ही विसरत चाललेली रीत पुन्हा धरा, अशी विनंती जगभरच्या श्रद्धावंतांना केलेली आहे. हवामान, पाणी, जंगले यांवरील एवढ्या मोठ्या दस्तऐवजात जेवणाआधीच्या चार शब्दांना जागा मिळावी, हे मला अर्थपूर्ण वाटते. अन्न पिकवणाऱ्यांची आठवण त्या चार शब्दांत असते.

वर्षाच्या पातळीवर राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचा उपवासकाळ येतो. रविवार वगळले तर तो चाळीस दिवसांचा. राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला उपवास, शुक्रवारी मांस वर्ज्य. अनेकजण स्वतःहून अधिकही सोडतात. आपल्या वाचकांना त्यागाचे नियम नवीन नाहीत आणि यापेक्षा कठोर नियम पाळणारी घरे आपल्यात पुष्कळ आहेत. तरी एक गोष्ट टिपून ठेवण्यासारखी आहे. या काळात जे खाल्ले नाही त्याचे पैसे बाजूला ठेवून भुकेल्यांसाठी व रुग्णांसाठी देण्याची पद्धत भारतातील धर्मप्रांतांत आहे. सोडलेली वस्तू घरात शिल्लक म्हणून राहत नाही, ती दुसऱ्याच्या घरी जाते.

शेतकऱ्यांचे आश्रयदाते म्हणून कॅथोलिक लोक ज्या संताला मानतात, तो इसिदोर हा बाराव्या शतकातील माद्रिदजवळचा एक शेतमजूर. त्याला १६२२ साली संतपद मिळाले, तेही फ्रान्सिस झेवियर आणि इग्नेशियस लोयोला अशा थोरांच्या बरोबरीने. त्याची पत्नी मारिया हिच्याविषयी अशी आख्यायिका आहे की, नवरा वाटेत भेटलेल्या भुकेल्यांना घरी घेऊन येई, म्हणून ती चुलीवर एक भांडे नेहमीच चढवून ठेवी. पाहुणा कोण, किती, केव्हा येणार हे ठाऊक नसताना भांडे चढवून ठेवणारी ती गृहिणी मला तिच्या नवऱ्याहून अधिक जवळची वाटते.

आता त्या गोष्टीकडे यावे, जिच्यावाचून वरील सारे वर्णन अपुरे राहील. ही गृहव्यवस्था पाण्यावर उभी आहे, आणि समुद्राच्या इतक्या जवळ गोडे पाणी टिकते ते बावखलांमुळे. वाडीच्या कडेला पूर्वजांनी खणलेली ही तळी. पावसाचे पाणी त्यांत साठते, हळूहळू मुरते, आणि विहिरी गोड राहतात. पूर्वी त्यांच्यावर रहाट फिरत. गेल्या काही दशकांत मुंबईची वस्ती विरारपर्यंत पोहोचली, जमिनीचा भाव गुंठ्यावर बोलला जाऊ लागला, विहिरींचे पाणी टँकरने विकले जाऊ लागले. फादर दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांची ‘हरित वसई’ची चळवळ याच काळात याच कारणासाठी उभी राहिली. तरीही अनेक बावखले बुजली आणि त्यांवर इमारती चढल्या. उपसा वाढला की समुद्राचे खारे पाणी आत सरकते. खारे पाणी केळीला चालत नाही.

अशा वेळी घराघरांत एक अवघड प्रश्न उभा राहतो. केळी, फुले आणि भाजी विकून जे अनेक वर्षांत साठत नाही, ते एका सहीत हाती येते. मुलगा शिकलेला आहे, नोकरीवर जातो, त्याला पहाटेची गाडी नको आहे. आणि सुनेने सासूसारखी टोपली डोक्यावर घ्यावी, असे आपण तरी कोणत्या तोंडाने सांगणार? विकणाऱ्यांना लोभी म्हणणे सोपे आहे. मला ते न्याय्य वाटत नाही. ज्यांच्या श्रमावर ही काटकसर उभी होती, त्यांना तिचा मोबदला बाजाराने कधी दिलाच नाही. वाडी टिकावी असे ज्यांना वाटते त्यांनी सुकेळीची किंमत ऐकून नाक मुरडू नये, आणि पाण्याविषयीच्या त्यांच्या लढ्याकडे परक्याचे भांडण म्हणून पाहू नये.

काही कुटुंबांनी मधली वाट काढली आहे. पुढची जागा गेली, मागे थोडी वाडी राखली. नोकरी करणारा मुलगा सुटीच्या दिवशी पाट मोकळे करतो. ज्यांना तेही जमले नाही, ती कुटुंबे जवळच्याच इमारतीत राहायला गेली. तेथे रोझरीची वेळ तीच आहे, क्रूस भिंतीवर आहे, उपवासकाळ पाळला जातो. फक्त भांडी घासून झाल्यावर ते पाणी कोठे न्यायचे, हे त्या घरातील म्हातारीला कळत नाही. मोरीच्या जाळीतून ते खाली जाताना ती पाहत राहते.