मोजमाप कोण करणार?

सरकारी नोकराला कामगिरीप्रमाणे पगार द्यावा, हे ऐकायला गोड वाटते. भारतात सातव्या वेतन आयोगाने 2015 साली तशी शिफारसही केली. पण कामगिरी मोजणार कोण? साहेबच ना! रेल्वेत, पोस्टात आपल्या समाजातील अनेकांची हयात गेली. गोपनीय अहवाल कसे लिहिले जात, हे त्यांना विचारा. गँगमनने रूळ नीट राखला म्हणून जो अपघात टळला, तो कोणत्या तक्त्यात भरणार?

रेल्वेत 1979-80 पासून उत्पादकतेशी निगडित बोनस आहे. तो साऱ्या रेल्वेच्या कामावर ठरतो. 2024 साली सुमारे 11 लाख 72 हजार कर्मचाऱ्यांना 78 दिवसांचा बोनस जाहीर झाला. गाडी सर्वांच्या हातांनी चालते, बक्षीसही सर्वांचेच हवे. कामचुकारावर कारवाई जरूर करा. पण त्याच्यापायी प्रामाणिक माणसाची भाकरी साहेबाच्या मर्जीवर टांगू नका.