चक्र कोणी तोडायचं?

अहिल्यानगरच्या सावेडीतल्या एका हॉलमध्ये गेल्या रविवारी ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळाची स्पर्धा झाली. पुण्यात शिकणारी मुलं सुट्टीत घरी येतात, तेव्हा हा खेळ हल्ली नगरमध्येही रंगतो. उपांत्य सामन्याचा तिसरा डाव चक्रात अडकला. संयोजकांनी नाणं उडवलं आणि एकाला अंतिम फेरीत बसवलं. नाणेफेकीने निकाल लावणं मला पटत नाही, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. तरी पुन्हा लिहितो, कारण या वेळी उत्तर नियमपुस्तकात छापलेलं होतं आणि ते कुणी उघडलंच नाही.

डाव अडकला तो ‘ऑब्लिव्हियन रिंग’ या पत्त्यामुळे. हा पत्ता टेबलावर आला की त्याने जमिनीचे पत्ते सोडून दुसरा एखादा पत्ता खेळाबाहेर काढायचा. ही रिंग स्वतः गेली की तिने काढलेला पत्ता परत येतो. आता टेबलावर जमिनींखेरीज एकच रिंग आहे आणि तिने दुसरीला बाहेर काढलेलं आहे, असं धरा. तिसरी रिंग आली. तिला पहिलीलाच काढावं लागतं, कारण दुसरं काही टेबलावर नाहीच. पहिली गेली म्हणून दुसरी परतली आणि तिने तिसरीला काढलं. तिसरी गेली म्हणून पहिली परतली, तिने दुसरीला काढलं, म्हणून तिसरी पुन्हा आली. हे कधीच थांबत नाही.

अशा वेळी नियम पंचाला एवढंच पाहायला सांगतो की, या फेऱ्यात कुणाच्या हाती निवड आहे का? कुणाच्याच नसेल, तर डाव बरोबरीत. एखाद्याच्या हातात चक्र मोडणारा पत्ता असला, तरी तो खेळायची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. मात्र टेबलावर काढण्याजोगा चौथा पत्ता असता, तर निवड आली असती. मग निवड ज्याची, त्याने ‘एवढे फेरे’ असा आकडा सांगायचा आणि ते झाल्यावर वेगळं काही करायचं. दोघंही आपापल्या मर्जीने तीच स्थिती पुन्हा पुन्हा आणत असतील, तर ज्याची पाळी चालू आहे त्याने वाट बदलायची. रविवारी चौथा पत्ता नव्हता. म्हणजे डाव बरोबरीत. पण बरोबरीचा डाव म्हणजे बरोबरीचा सामना नव्हे. बाद फेरीत दोन डाव जिंकेल तो पुढे जातो. तेव्हा पत्ते पिसून पुढचा डाव मांडायचा, एवढंच काम होतं.

आपल्या मातीतल्या कबड्डीला हे दुखणं फार पूर्वीपासून माहीत आहे. बरोबरीतल्या सामन्याची शेवटची मिनिटं आठवा. चढाईपटू जातो, निदान रेषा ओलांडतो, हवेत हात फिरवतो आणि परततो. समोरचे सगळे मागे सरकून उभे. मग पलीकडून तीच चढाई, इकडून तीच माघार. गुणफलक जागचा हलत नाही. निदान रेषा ओलांडायची सक्ती होतीच, पण ओलांडून रिकाम्या हाताने परतायला कुणाची हरकत नव्हती. जुन्या गामिनी प्रकारात तर वेळेचंही बंधन नव्हतं. पुढे घड्याळ आलं, पण घड्याळाने चक्र तुटत नाही. ज्याला त्या चक्राचा फायदा आहे, त्याला फक्त शिट्टीची वाट पाहायची असते.

२०१४ साली सुरू झालेल्या प्रो कबड्डीने घराघरात पोहोचवलेली तिसरी चढाई मला म्हणूनच मोलाची वाटते. एका संघाच्या सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणायचाच, नाहीतर चढाईपटू बाद आणि समोरच्या संघाला गुण. म्हणजे चक्र तोडायची जबाबदारी थेट चढाईपटूवर, कारण त्या क्षणी पाळी त्याची असते आणि निवडही त्याचीच. पत्त्यांचा नियम पाळी चालू असलेल्याला वाट बदलायला सांगतो तो याच न्यायाने. संघ मुद्दाम दोन चढाया वाया घालवतात आणि तिसरीसाठी खास माणूस राखून ठेवतात, अशी तक्रार जुने खेळाडू करतात. ती खरी आहे. तरीही तिसऱ्या चढाईत काहीतरी घडतंच. याच कबड्डीत बाद फेरीची बरोबरी पाच-पाच चढायांनीही सुटली नाही, तर निर्णायक ‘सुवर्ण चढाई’ कुणाची हे नाणं ठरवतं. इतक्या शहाण्या खेळाला हे शोभत नाही.

चक्र तोडायची जबाबदारी कुणावरच टाकली नाही तर काय होतं, ते बुद्धिबळाने भोगलं आहे. कार्पोव्ह आणि कास्पारोव्ह यांची जगज्जेतेपदाची लढत सप्टेंबर १९८४ मध्ये सुरू झाली. सहा डाव जिंकेल तो विजेता, डावांच्या संख्येला मर्यादा नाही. ४८ डाव झाले, त्यातले ४० बरोबरीत सुटले. फेब्रुवारी १९८५ मध्ये जागतिक संघटनेचे अध्यक्ष कँपोमानेस यांनी निकालाविनाच लढत थांबवली. नियमाने करायचं काम एका माणसाने केलं आणि त्याचा वाद वर्षानुवर्षं चालला.

‘पत्त्यांचाच खेळ, नशीब आलंच,’ असं संयोजकांपैकी एकाने म्हटल्याचं एका पालकांनी मला कळवलं. पण हा नुसता नशिबाचा खेळ नाही. रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने तयार केलेला हा खेळ १९९३ साली बाजारात आला. या खेळात कोणतंही संगणकीय गणित मांडता येतं, असं तीन संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवून दिलं. त्यामुळे एखादा डाव कधी संपेल की नाही, हे आधी सांगणारी सर्वत्र लागू पडेल अशी रीत असूच शकत नाही. म्हणूनच नियम पंचाकडे भविष्य मागत नाही. समोर काय मांडलंय आणि निवड कुणाची आहे, एवढं पाहायला सांगतो. ते डोळे उघडे ठेवून पाहता येतं.

अहिल्यानगरमध्ये या सुट्टीत आणखी स्पर्धा होतील, पत्त्यांच्या आणि कबड्डीच्याही. संयोजकांनो, पहिल्या सामन्याआधी खेळाडूंना समोर बसवा आणि डाव अडकला तर काय करायचं तो नियम मोठ्याने वाचून दाखवा. आणि सावेडीच्या संयोजकांना वेगळी विनंती आहे. उपांत्य सामन्यातली ती दोन्ही मुलं अजून नगरमध्येच आहेत. कॉलेज सुरू व्हायच्या आत त्यांचा राहिलेला डाव मांडा.