मोबाईलमधला हिशेबनीस



आमच्या शाखेकडे येणाऱ्या तक्रारींत बदली, क्वार्टर आणि ओव्हरटाईम यांच्या खालोखाल आता एकच विषय असतो, तो म्हणजे पगार पुरत नाही. वीस तारखेनंतर उचल मागणारे पूर्वीही होते. पण पूर्वी कामगाराला सावकार ठाऊक असायचा, त्याचे दुकान ठाऊक असायचे. आज हप्ते मोबाईलमधून परस्पर कापले जातात आणि कोणी कापले हेच पुष्कळांना सांगता येत नाही. अशा वेळी आपल्यातील काही तरुण सभासदांनी त्याच मोबाईलवरील एआय चॅटबॉटला घरखर्चाचा हिशेब करायला लावले आहे. या प्रकाराबद्दल दोन्ही बाजूंनी टोकाची मते ऐकू येतात. कोणी त्याला मालकांचे यंत्र म्हणतो, तर कोणी आता वेतन आयोगाची गरजच उरली नाही असे म्हणण्यापर्यंत जातो. म्हणून याविषयी सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते.

कामगाराच्या घरचा जमाखर्च ही क्षुल्लक बाब नव्हे. मुंबई इलाख्याच्या लेबर ऑफिसने १९२१-२२ मध्ये मुंबईतील कामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली आणि फिंडले शिर्रास यांचा अहवाल १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. जवळजवळ निम्मी कुटुंबे कर्जात आहेत हे त्यातून सरकारी कागदावर आले. पुढे १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचे जे निकष ठरविले ते म्हणजे जमाखर्चाची वहीच होती: तीन एककांचे कुटुंब, माणशी २७०० कॅलरी, वर्षाला कुटुंबाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि इंधन-दिवाबत्ती वगैरेंसाठी २० टक्के. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेप्टाकोस ब्रेट खटल्यात त्यात मुलांचे शिक्षण, औषधपाणी, करमणूक यांसाठी आणखी २५ टक्के जोडले. सातव्या वेतन आयोगाने १८,००० रुपयांचे किमान वेतन काढले तेही याच पद्धतीने. तेव्हा पीठमिठाचा हिशेब ठेवणारी आपली बहीण आणि वेतन आयोग यांचे काम मुळात एकच आहे.

आता यंत्राकडे वळू. आमच्या एका सभासदाचे उदाहरण त्याच्या संमतीने, नाव न घेता देतो. हा फिटर आहे, घर मानिक चौकाच्या मागच्या गल्लीत, तिसऱ्या पिढीचा झाशीकर मराठी. मूळ वेतन ३९,२००. जुलै २०२५ पासून लागू झालेल्या ५८ टक्के दराने महागाई भत्ता २२,७३६ झाला. बेरीज ऐकायला बरी वाटते, पण कपाती जाऊन आणि हप्ते जाऊन हाती राहते ते वेगळेच. त्याने तीन महिन्यांचे बँक स्टेटमेंट घेतले, खाते क्रमांक आणि नावे खोडली, नुसत्या रकमा व तारखा यंत्राला दिल्या आणि साध्या मराठीत विचारले की पैसा कुठे जातो.

पहिली गोष्ट निघाली ती क्रेडिट कार्डाची. साठ हजार थकबाकी, आणि हा गडी दरमहा 'किमान रक्कम' म्हणून ३,००० भरून निश्चिंत होता. व्याज महिना साडेतीन टक्के, म्हणजे २,१००. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, ३७८. म्हणजे तीन हजारांपैकी मुद्दलात गेले ५२२ रुपये! कार्डाच्या बिलावर हे सारे छापलेले असते, पण वाचतो कोण? हेच साठ हजार पतपेढीकडून वार्षिक ९ टक्क्यांनी घेतले असे धरा. पहिल्या महिन्याचे व्याज ४५० होते आणि तेच तीन हजार भरून बावीस महिन्यांत कर्ज संपते. त्याने पतपेढीत अर्ज टाकला. अर्जाचा मसुदाही यंत्रानेच करून दिला. आमच्या लेखनिक बंधूंना त्याचे वाईट वाटले असेल.

दुसरी गोष्ट मोबाईलची. घरात चार फोन, प्रत्येकी ३४९ चे रिचार्ज. मुदत २८ दिवसांची. वर्षाचे महिने बारा, पण रिचार्ज होतात तेरा. एकूण १८,१४८ रुपये. त्यांतले दोन फोन आई-वडिलांचे, साधे बटणांचे, ज्यांवर इंटरनेट चालतच नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना फक्त बोलणे व एसएमएस यांचे वेगळे प्लॅन ठेवणे बंधनकारक केले, पण दुकानदार ते आपण होऊन सांगत नाही. मागून घ्यावे लागतात.

तिसरी गोष्ट विम्याची, आणि इथे सर्वांनीच कान टवकारावेत. मार्च आला की 'टॅक्स वाचवा' म्हणत एजंट शेडपर्यंत येतात. २०२५-२६ या वर्षापासून नव्या करपद्धतीत पगारदाराला १२ लाख ७५ हजारांपर्यंत आयकर लागत नाही आणि त्या पद्धतीत विम्याच्या हप्त्याची वजावटही मिळत नाही. मग कर वाचविण्यासाठी पॉलिसी घेण्यात अर्थ काय? शिवाय १ सप्टेंबर २०२५ रोजी रेल्वे आणि स्टेट बँक यांच्यात करार झाला आहे. त्या बँकेत पगार खाते असलेल्या रेल्वे कर्मचाऱ्याला अपघाती मृत्यूसाठी एक कोटीचे आणि नैसर्गिक मृत्यूसाठी दहा लाखांचे संरक्षण हप्ता न भरता मिळते. आमचा हा सभासद अपघात विम्याचा वेगळा हप्ता भरीतच होता. ज्याला जीवन विमा हवाच आहे त्याने १८८४ पासून चालत आलेला टपाल जीवन विमा आधी पाहावा. पोस्टातील बंधू तो इतरांना समजावून सांगतात, स्वतःच्या घरी मात्र भलत्याच कंपनीची पॉलिसी निघते! नवी पॉलिसी हाती पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते हेही लक्षात असू द्या. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक जीवन व आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, तेव्हा पावतीवर तो लागलेला दिसला तर जाब विचारा.

एवढे झाले यंत्राचे कौतुक. आता दुसरी बाजू.

याच यंत्राने त्याच सभासदाला 'टाळता येण्याजोगा खर्च' म्हणून एक यादी दिली. त्यात बाहेरचे खाणे कमी करा असे होते. घरचा डबा नेणाऱ्या माणसाने आणखी काय कमी करावे? गणेशोत्सवाची वर्गणी त्या यादीत होती. आणि युनियनची वर्गणीही होती! यंत्र बिचारे कागदावरचा आकडा पाहते. त्या वर्गणीतून महागाई भत्ता आला हे त्याला कोणी सांगितलेले नसते. आणखी एकाला तर त्याने भत्ता जुन्याच दराने मोजून दिला, तोही इतक्या ठामपणे की तो आमच्याशी भांडायला आला. तेव्हा भत्ता, पेन्शन, पास, रजा याबाबत सरकारी परिपत्रक हेच प्रमाण. व्याजाची बेरीज-वजाबाकी यंत्राकडून करून घ्यावी आणि ती कागदावर पडताळून पाहावी.

खाते क्रमांक, आधार, पॅन, ओटीपी, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक यांतले काहीही यंत्रात लिहू नये. कार्यालयाच्या संगणकावर तर हे करूच नये. अर्थ मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना कार्यालयीन यंत्रांवर अशी साधने वापरण्यास मनाई केली होती. आपल्याकडे कोणी तेवढ्यावरून चार्जशीट हाती दिली तर बचाव अवघड जाईल. 'एक वर्ष फुकट' म्हणून चॅटबॉटची जी वर्गणी मिळते तिची मुदत संपल्यावर पैसे आपोआप कापले जाणार आहेत काय, हेही आजच पाहून ठेवा. खर्च कमी करायला आणलेला नोकरच पगार मागू लागायचा.

आणखी एक स्पष्ट सांगतो. हिशेब पुरुषांनी एकट्याने करू नये. जो तो यंत्राला किराणा, दूध, शाळेची फी सांगतो; तंबाखू, गुटखा आणि संध्याकाळची बैठक सांगत नाही. मग यंत्र दुधात कपात सुचविते. घरातील वही ज्या बाईच्या हाती आहे तिला शेजारी बसवा, म्हणजे खरे आकडे बाहेर येतील.

त्या फिटरच्या घरी सर्व काटछाट करून महिन्याला साडेचार हजारांच्या आसपास वाचले. आनंद आहे. परंतु उरलेल्या खर्चात मुलीची कोचिंगची फी आणि वडिलांच्या डोळ्यांचे व मधुमेहाचे औषधपाणी हे सर्वांत मोठे, आणि त्यांना कात्री लावायला यंत्रालाही जागा सापडली नाही. हे एका घरचे दुखणे नाही. औद्योगिक कामगारांच्या ज्या निर्देशांकावर आपला भत्ता ठरतो, त्याच्या २००१ च्या मालिकेत अन्नाचा भार सुमारे ४६ टक्के होता, तो २०१६ च्या मालिकेत सुमारे ३९ वर आला. शिक्षण, आरोग्य, प्रवास इत्यादींचा किरकोळ गट २३ वरून ३० वर गेला. १९५७ च्या तीन एककांत नवरा, बायको आणि दोन मुले बसतात. म्हातारे आई-वडील त्यात नाहीतच. झाशीतले आपले वडील लोक मध्य रेल्वेतून निवृत्त झाले, २००३ मध्ये विभाग उत्तर मध्य रेल्वेत गेला, मुले इथेच राहिली, आणि त्या म्हाताऱ्यांचा भार मुलांच्याच पगारावर आहे. तो कोणत्या एककात धरायचा?

आठवा वेतन आयोग २०२५ च्या नोव्हेंबरात अठरा महिन्यांच्या मुदतीने नेमला गेला. अध्यक्ष न्यायमूर्ती रंजना देसाई आहेत. अशा आयोगापुढे 'परवडत नाही' एवढे म्हणून भागत नाही, आकडे लागतात. कामगाराच्या घरात काटकसर शिल्लक आहे असे प्रशासन म्हणेल, तेव्हा काटकसर करूनही काय उरत नाही हे दाखविणाऱ्या वह्या आपल्याकडे हव्यात. यासाठी प्रत्येक सभासदाने तीन महिन्यांचा खर्च अन्न, भाडे-वीज, शिक्षण, औषध, हप्ते आणि आई-वडील अशा सहा रकान्यांत मांडावा. यंत्राकडून मांडून घ्या किंवा हाताने मांडा. वर नाव लिहू नका, फक्त वेतनस्तर आणि घरातील माणसे किती ते लिहा. हे कागद शाखा कार्यालयात संध्याकाळी सहानंतर घेतले जातील. ज्यांना मोबाईल हाताळता येत नाही त्यांच्यासाठी दोन तरुण सभासद तेथे बसतील. पोस्टातील बंधू-भगिनींनीही यावे, तेच रकाने त्यांनाही लागू आहेत. येताना पतपेढीची शेवटची पावती आणि कार्डाचे बिल सोबत आणावे.